वादळातल्या काचा

सोमवारी सकाळी हैमवती कामावर आली तर तिचं टेबल जागेवर नाही. अंधाऱ्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाच्या उजव्या हाताला, जिथं ते अठरा वर्षं होतं, तिथं फरशीवर चार पायांच्या चार पांढुरक्या खुणा आणि भिंतीत एक उघडा प्लग. बस. टेबल मिळालं बाहेर बोळात, दोन मोठे फ्रीजर आणि भिंत यांच्या मधल्या फटीत कोंबलेलं. फ्रीजर आतलं सगळं गोठवतात आणि पाठीमागून गरम हवा सोडतात, त्यामुळं विशाखापट्टणमच्या मे महिन्यात त्या जागी माणूस तर सोडाच, मांजरसुद्धा बसत नसे. टेबलावर तिचा पेला, चष्म्याचं घर, सिंहाद्री अप्पन्ना देवाचा छोटा फोटो, आणि सगळ्याच्या वर, नीट घडी घालून ठेवलेला तिचा स्वेटर. अंधाऱ्या खोलीत एसी सोळावर असतो म्हणून ती बारा महिने स्वेटर घालायची. बाईला हाकलायचं ते हाकलायचं, आणि वर स्वेटरची घडी घालायची! त्या घडीनं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणी हलवलं हे?" तिनं विचारलं.

शिपाई अप्पलनायडू बादलीतून बर्फ नेत होता. तो थांबला, पण तिच्याकडे न बघता बर्फाकडेच बघत बोलला. "सरांनी सांगितलं, अक्का. शनिवारी दुपारी. नवीन यंत्र यायचंय म्हणाले, जागा लागते."

"कसलं यंत्र?"

"ते मला काय ठाऊक? मला म्हणाले उचल, मी उचललं. काय जड आहे हो तुमचं टेबल! दोघं लागलो."

"आणि घडी कुणी घातली?"

"मीच. धूळ बसली असती ना," अप्पलनायडू म्हणाला, आणि आपलं काही चुकलं की काय अशा चेहऱ्यानं बादली घेऊन गेला.

यंत्र वगैरे काही येणार नव्हतं. यंत्र येणार असतं तर तिला सहा महिने आधी कळलं असतं. इथं सुई जरी आली तरी तिच्या सहीशिवाय खोक्यातून बाहेर निघत नसे, आणि दसऱ्याच्या आयुधपूजेला यंत्राला कुंकू लावून लिंबू तीच बांधायची. शुक्रवारी संध्याकाळी ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, चंद्रमौळी सरांच्या, खोलीत गेली होती, चार चित्रं त्यांच्यापुढं ठेवली होती, आणि शनिवारी टेबल बोळात. यात न कळण्यासारखं काय आहे? ती टेबलाशी बसली. पाठ फ्रीजरकडे केली तर पाठ भाजते, तोंड केलं तर डोळे कोरडे पडतात. भिंतीकडे तोंड करून बसली. मनात आलं, वा रे वा, अठरा वर्षं जे काचेवर बघत आले तेच आता माझ्यावर. पेशीचं केंद्रक म्हणजे काही कसंही भरलेलं गाठोडं नव्हे. आत कोण कुठं बसतो यावर सगळं असतं. जे जनुक केंद्रकाच्या भिंतीला टेकून बसतं ते बहुतेक वेळा गप्प असतं, झोपल्यासारखं. तेच भिंत सोडून मधे सरकलं की बोलायला लागतं. जनुकातलं अक्षर एक बदलत नाही, जागा तेवढी बदलते. नव्या लोकांना हे समजायला वर्ष वर्ष लागायचं. हैमवतीला पहिल्या दिवशी समजलं होतं, कारण ती गाजुवाकाच्या सासरी तिसरी सून होती आणि तिची जागा पहिली नऊ वर्षं मोरीच्या भिंतीशी होती. तिथं बसून ती एक शब्द बोलली नव्हती. थोरली जाऊ विजयनगरमला राहायला गेली, हैमवती चुलीपुढं सरकली, आणि घराला कळलं की हिला आवाज आहे.

कर्करोगात हीच बसण्याची शिस्त मोडते, असं चंद्रमौळी सरांचं म्हणणं. आयुष्यभर भिंतीशी गप्प राहायला हवं असं एक जनुक स्तनाच्या गाठीत भिंत सोडतं, मधे येतं, आरडाओरडा सुरू करतं, आणि ती गाठ वाईट निघते. हे त्यांनी बारा गाठी आणि बारा निरोगी ऊतींवर दाखवलं, त्याचा शोधनिबंध झाला, शोधनिबंधाचं नाव झालं, नावाचे हारतुरे झाले. म्हणजे दाखवलं सरांनी. काचा केल्या हैमवतीनं. गाठीचा ओला तुकडा काचेवर हलकेच टेकवायचा, पेशी उमटतात. मग त्यांना रंग पाजायचा, तो त्या एकाच जनुकाला जाऊन चिकटतो, आणि अंधारात केंद्रक निळं आणि जनुक लाल ठिपका होऊन दिसतं. ठिपका काठाशी की मधे, मोजायचं. एका काचेवर दोनशे केंद्रकं. निबंधावर सात नावं होती आणि त्यात तिचं नव्हतं. शेवटी बारीक अक्षरात आभार होते: तांत्रिक साहाय्याबद्दल श्रीमती हैमवती. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. नाही, खोटं कशाला बोला, वाटलं होतं. दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. पण पुढं सर भाषणांत तिचं नाव घ्यायला लागले आणि ती विरघळली. परदेशात दोन ठिकाणी लोकांनी हेच करून पाहिलं आणि जमलं नाही, तेव्हा सर हसून म्हणायचे, "त्यांच्याकडे सगळं आहे, पण हैमवतीगारू नाहीत." सभागृह हसायचं. ती पहिल्या रांगेच्या टोकाला रेशमी साडी नेसून बसलेली असायची आणि तीही हसायची. आता बोळात बसून त्या हसण्याची तिला इतकी चीड आली की तिनं पेला उचलला आणि उगाचच पुन्हा आदळला.

कारण ते परदेशातले लोक चुकले नव्हते. ते बरोबर होते. आणि हे ती वादळापासून जाणत होती की नाही, हा प्रश्न गेले दहा दिवस तिच्या मानगुटीवर बसला होता. हुदहुद वादळ आलं तो रविवार. गाठींच्या बारा काचा तिनं शनिवारी करून ओल्या डब्यात ठेवल्या होत्या. डब्याच्या तळाशी भिजवलेला कागद, वर झाकण. या कामाचा पहिला आणि शेवटचा नियम एकच, मधे काच सुकू द्यायची नाही. रविवारी दिवसभर घराचं छप्पर धरून बसल्यासारखे सगळे बसले होते. सोमवारी शहरात वीज नाही, पाणी नाही, फोन नाही, दूध शंभर रुपये. मंगळवारी पहाटे ती निघाली. पापाराव, तिचा नवरा, बंदरातल्या क्रेनवर कामाला होता, तो म्हणाला, "लोक तांदूळ शोधायला निघालेत आणि ही काचा शोधायला!" ती चालत निघाली. गाजुवाकापासून संस्थेपर्यंत अठरा किलोमीटर, रस्त्यावर झाडांचा खच, विजेचे खांब कंबरेत मोडलेले, टेकडीवरची हिरवळ एका रात्रीत जळाल्यासारखी तपकिरी. पायातली चप्पल तुटली तेव्हा ती हातात घेऊन चालली. पोचली तर खिडकीची तावदानं फुटलेली आणि डबा खाली पडलेला, झाकण खोलीच्या दुसऱ्या टोकाला. काचा सुकल्या होत्या. एकही फुटली नव्हती म्हणून ती जमिनीवर बसून रडली, आणि मग तिनं त्या एकेक करून परत भिजवल्या. भिजवताना काचेवर पाणी ज्या तऱ्हेनं पसरलं ते तिच्या बोटांना आवडलं नव्हतं. बोटांना कळलं होतं. डोक्यानं त्यांना गप्प बसवलं.

गुरुवारी सर आले. तिनं सांगितलं होतं, हे मात्र ती देवापुढं हात ठेवून सांगेल. "सर, काचा सुकल्या होत्या." "किती वेळ?" "माहीत नाही. तासभर असेल, दिवसभर असेल." "पुन्हा भिजवल्यास ना?" "हो." "मग झालं तर. अगं, तू चालत आलीस, त्या सुकायला घाबरतील तुला!" आणि त्यांनी सगळ्यांना हाक मारून तिची तुटकी चप्पल दाखवली. तिथून ती गोष्ट सुरू झाली. वर्धापनदिनाला ती गोष्ट, मंत्री आले तेव्हा ती गोष्ट. चप्पल तुटलेल्या बाईला कोण विचारणार की काचांचं पुढं काय झालं? तिनंही कुणाला सांगितलं नाही. निरोगी ऊतींच्या बारा काचा जानेवारीत केल्या, निवांतपणे, एकही सुकू न देता. या बारा ओल्या, त्या बारा सुकून भिजलेल्या, आणि दोहोंची तुलना केली. सुकलेलं केंद्रक गोल राहत नाही, ते बसतं, अप्पडमसारखं, म्हणजे पापडासारखं, चपटं होतं. वरून बघितलं तर कळत नाही, गोलच दिसतं. पण गोल गोळ्याच्या छताला आतून चिकटलेला ठिपका गोळा चपटा होऊन पसरला की वरून बघणाऱ्याला बरोबर मधोमध दिसतो. तो भिंतीशीच असतो! भिंत सोडून तो कुठंही गेलेला नसतो. बघणारा वरून बघतो म्हणून तो मधे दिसतो. एवढंच. यावर सात नावं, तीन पारितोषिकं आणि एक तपासणी.

तपासणी नसती तर तिनं तोंड उघडलं असतं का? बोळात घाम पुसत तिनं हा प्रश्न स्वतःलाच टाकला आणि उत्तर आवडलं नाही. नसतंच उघडलं. पण शहरातल्या सरकारी इस्पितळात आता या निबंधावरून तपासणी सुरू होणार होती. गाठ काढून झाल्यावर बाईची एक काच इकडे यायची. ठिपका मधे असेल तर गाठ वाईट, बाईला केमो द्यायची. ठिपका काठाशी असेल तर गाठ सौम्य, केमोची गरज नाही, घरी जा. आधी नुसती चाचपणी म्हणून नऊ बायकांच्या काचा आल्या. निकाल पाकिटात ठेवायचे, कुणाला सांगायचे नाहीत, असं ठरलं होतं. हैमवतीनं त्या काचा अशा केल्या की गुरूनं पाठ थोपटावी. नऊच्या नऊ जणींचा ठिपका काठाशी निघाला. सर खूश झाले, नऊ बायका वाचल्या केमोतून! हैमवती खूश झाली नाही. नऊपैकी नऊ? सरकारी इस्पितळात उशिरा, गाठ लिंबाएवढी झाल्यावर येणाऱ्या बायका, आणि नऊच्या नऊ नशीबवान? हे आकडे चार महिने मनात खुपत राहिले, शेवटी दहा दिवसांपूर्वी तिनं जुनी खोकी काढली. साडेचार वर्षांपूर्वी केंद्रकांची थर थर चित्रं घेतलेली होती, पण मोजमाप वरूनच केलं होतं. तिनं ते थर एकावर एक रचून आडवे फिरवले, केंद्रक बाजूनं बघितलं. अप्पडम. दुसरं, अप्पडम. शंभर बघितली. मग नव्या नऊ काचा बाजूनं बघितल्या, लाडवासारखी गोल केंद्रकं, ठिपका काठाशी. म्हणजे ठिपका गाठीतही काठाशीच असतो, वाईट गाठीतही. तो काठाशी दिसला यावरून बाईबद्दल काहीच कळत नाही.

शुक्रवारी सर बडीशेप चघळत ती चित्रं बघत होते. फार वेळ बघत होते, म्हणजे त्यांना पहिल्या चित्रातच कळलं होतं. मग म्हणाले, "हैमवतीगारू, तुम्ही दमला आहात." नावाला आदराचं गारू लागलं की तिनं ओळखायचं, काम असलं की गारू, एरवी नुसती हैमवती आणि अगं-तुगं. "दमले नाही, सर. हे चपटे आहेत." "थोडेफार चपटे असतातच." "सर, बाराच्या बारा." "मग आता काय करायचं म्हणतेस?" गारू गेलं. "तपासणी थांबवा म्हणते." "तुझं काम रंगवायचं. अर्थ काय लावायचा ते आमचं काम. अठरा वर्षांत मी कधी तुझ्या बाटल्यांत हात घातला? मग तू माझ्या कामात कशाला घालतेस?" तिनं त्यांच्याकडे बघितलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, केस रंगवलेले, दोन वर्षांनी निवृत्त होणार. भीती वाटत होती त्याला. भीती वाटते असं म्हणाला असता तर तिनं बसून दोन घोट पाणी दिलं असतं. तो म्हणाला, "सोमवारी तीन वाजता इस्पितळात बैठक आहे. तू येऊ नकोस, उगाच दगदग."

रविवारी न्याहारीला तिनं पापारावला सांगितलं. बंदरातून निवृत्त झाल्यापासून त्याला बोलायला माणूस लागे आणि ऐकायला नको असे. पेसरट्टूचा, मुगाच्या डोशाचा, तुकडा आल्याच्या चटणीत बुडवत तो म्हणाला, "तुझं नाव आहे का त्या पेपरावर?"

"आभारात आहे."

"मग आभार परत घ्या म्हणावं!" आणि तो स्वतःच्या विनोदावर इतका हसला की ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाला, "हे बघ, क्रेन मी चालवली तीस वर्षं. जहाज बुडालं तर कप्तानाचं नाव पेपरात येतं. क्रेनवाल्याचं येतं का? मग तू कशाला बुडतेस? तीन वर्षं राहिली तुझी. पेन्शन घे, गप बस."

"नऊ बायकांच्या काचा आल्यात."

"त्या काय तुझ्या बहिणी?"

तिनं गॅस बंद केला. दुसरा पेसरट्टू तव्यावर अर्धा कच्चा राहिला. पापारावनं तो तसाच खाल्ला, आणि तिच्याकडे बघत बघत खाल्ला, कारण पस्तीस वर्षांत त्यानं तिला गॅस बंद करताना दोनदाच बघितलं होतं.

आणि आता बोळातल्या या उकाड्यात ती कुणावर चिडली होती? सरांवर, उघड आहे. नवऱ्यावर. घडी घालणाऱ्या अप्पलनायडूवर, बिचाऱ्यावर. पण खाली, तळाशी, ती त्या बाईवर चिडली होती जी चप्पल हातात घेऊन अठरा किलोमीटर चालली होती. काय गरज होती? ती चालली नसती तर काचा तशाच पडून राहिल्या असत्या, कुणीतरी केराच्या टोपलीत टाकल्या असत्या, आणि हा सगळा डोलारा उभाच राहिला नसता. ती शहाणी चालत गेली, काचा वाचवल्या, आणि वाचवल्या म्हणून त्या तिच्या झाल्या, लेकरासारख्या, मग त्यांचा दोष दिसेना. लोक म्हणतात नसती उठाठेव. नसती नव्हे, असती उठाठेव तिनं केली होती, आणि वर तिला टाळ्याही हव्या होत्या. बोटांनी सांगितलं होतं. स्वतःच्या बोटांचं न ऐकणारी बाई दुसऱ्यानं ऐकलं नाही म्हणून कुठल्या तोंडानं ओरडते? याच तोंडानं, तिनं स्वतःलाच उत्तर दिलं. माझ्याकडे दुसरं तोंड नाही. अडीच वाजले होते. तिनं चित्रांचं पाकीट पिशवीत घातलं, स्वेटर उचलून अंधाऱ्या खोलीतल्या खुंटीला, त्याच्या जुन्या जागी, अडकवला आणि रिक्षा केली.

बैठक सुरू झाली होती. दहाएक डॉक्टर, मधे लांब टेबल, फिल्टर कॉफी आणि काजूची पकोडी. टेबलाच्या डोक्याशी डॉक्टर सत्यवाणी, इस्पितळाच्या या विभागाच्या मुख्य, पांढरे केस घट्ट बांधलेल्या, हातात पेन. हैमवती दारात उभी राहिली. चंद्रमौळी सर पडद्यापुढं उभे होते. त्यांनी तिला बघितलं, क्षणभर थबकले, आणि मग त्यांचा चेहरा असा फुलला की बघणाऱ्याला वाटावं बहीण आली.

"अरे, या, या! ह्या आमच्या हैमवतीगारू. मी सांगितलं ना मघाशी, हुदहुदमधून चालत आलेल्या? त्या याच!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहा डॉक्टरांनी, पकोड्याचे हात पुसून. कुणीतरी भिंतीशी एक खुर्ची सरकवून दिली. टाळ्या थांबेपर्यंत हैमवती खुर्चीकडे बघत राहिली. अंगाची लाही लाही होत होती. बसली असती तर संपलं असतं.

"त्या काचा सुकल्या होत्या," ती म्हणाली.

"कुठल्या काचा?" सत्यवाणींनी विचारलं.

"निबंधातल्या. गाठीच्या बाराच्या बारा. मी पोचले तेव्हा सुकलेल्या होत्या. मी परत भिजवल्या आणि रंगवल्या. केंद्रकं चपटी झाली होती, म्हणून ठिपका मधे दिसला. तो मधे नव्हता."

"हैमवती, हा तांत्रिक तपशील आपण नंतर—" सर म्हणाले.

"नंतर कधी? तपासणी सुरू झाल्यावर?" तिनं पाकीट उघडून चित्रं टेबलावर टाकली, एक कॉफीच्या कपात पडता पडता राहिलं. "हे वरून. हेच बाजूनं. हे नव्या बायकांचं, बाजूनं. डॉक्टरम्मा, तुम्ही रोज गाठी कापता. तुम्हीच सांगा."

सत्यवाणींनी चित्रं जवळ ओढली. एकदा बघितली, चष्मा काढला, घातला, परत बघितली. सर म्हणाले की त्यांच्या तंत्रज्ञ बाई अलीकडे फार ताणाखाली आहेत. म्हणाले की जागेची अदलाबदल झाल्यामुळं त्या दुखावल्या आहेत, स्वाभाविक आहे. ते फार गोड आवाजात बोलत होते. हैमवतीला वाटलं, हा माणूस आता मला वेडी ठरवणार, आणि मी ओरडले तर वेडीच ठरेन. म्हणून ती ओरडली नाही. दात इतके आवळले की कानशिलं दुखली.

"काठाशी दिसण्याला काहीच अर्थ नाही, असं तुमचं म्हणणं?" सत्यवाणींनी सरांना मधेच तोडत तिला विचारलं.

"काही नाही. सगळ्यांचाच काठाशी असतो."

"मग त्या नऊजणी..." सत्यवाणी थांबल्या.

"त्यांचं पाकिटात आहे ना," हैमवती म्हणाली. "ठरलं होतं. सांगायचं नाही असं ठरलं होतं."

सत्यवाणींनी पेन खाली ठेवलं. "चार महिने झाले त्यांना घरी पाठवून. केमो न देता. मला पत्र आलं होतं, निकाल इतके स्पष्ट आहेत की बायकांना थांबवून ठेवणं योग्य नव्हे." त्यांनी मान वळवली. "सही तुमची आहे, चंद्रमौळीगारू."

"मी प्राथमिक म्हटलं होतं."

"नव्हतं म्हटलं. पत्र माझ्या कपाटात आहे. आणि ते वाचून बायकांना घरी पाठवलं ते मी. ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत केमो सुरू व्हायला हवी, एवढं तर शिकाऊ डॉक्टरलाही कळतं!" त्या उभ्या राहिल्या, आणि कुणालाच न उद्देशून म्हणाल्या, "बैठक संपली. तपासणी नाही. कॉफी प्या आणि जा."

बाहेर व्हरांड्यात सरांनी तिला गाठलं. चेहरा पांढरा पडला होता, आवाज दबका. "काय मिळालं तुला? सांग ना, काय मिळालं? माझं सोड. पाच वर्षांचं काम तुझंही होतं. तुझंसुद्धा नाव गेलं आज."

"माझं?" हैमवती म्हणाली. "कुठं लिहिलंय ते दाखवा."

सर जिन्याकडे बघायला लागले.

"नाही, दाखवाच. सात नावं आहेत, मला पाठ आहेत. आता चूक कबूल करायचं पत्र लिहाल ना मासिकाला? त्यात लिहा, काचा हैमवतीनं भिजवल्या. लिहा खुशाल, खोटं नाही ते. पण आधी मला आत घ्या, आठवं नाव. आत नसलेल्या माणसाची चूक आत कशी येते, सर? आणि दुसऱ्या ओळीत लिहा, तिनं गुरुवारी सांगितलं होतं. मग मागं घ्या तुमचा पेपर." तिचा आवाज चढला होता, रांगेत बसलेले रुग्ण वळून बघत होते. बघू देत. कितीतरी वर्षांत ती इतकं सलग कुणाशी बोललेली नव्हती. सरांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि जिन्याकडे चालू लागले. त्यांना जाताना बघून तिला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. राग होता तिथंच होता, फक्त आता त्याला टेकायला कुणी राहिलं नव्हतं.

"तुम्ही इकडे या," सत्यवाणी दारातून म्हणाल्या. त्यांच्या खोलीत टेबलावर नऊ नावांचा कागद होता. "बसा. मी एकेकीला फोन लावणार आहे. बोलेन मी, ते काम माझं आहे. पण तुम्ही इथं बसून ऐका. मी एकटीनं का ऐकू?" रागावल्या होत्या त्याही. हैमवतीला त्या रागाचा आधार वाटला. ती बसली.

पहिलं नाव पैडितल्ली, भीमिलीची, मासळी विकणारी. फोनचा आवाज मोठा केलेला होता. पलीकडे लाटा, कावळे, बायकांचा गलका.

"पैडितल्ली, मी डॉक्टर सत्यवाणी."

"डॉक्टरम्मा! शंभर वर्षं आयुष्य तुम्हाला, आत्ताच नाव काढलं होतं! धाकटीचं लग्न झालं हो, गेल्या गुरुवारी. तुम्हाला बोलवायचं राहिलंच. माझे केस बघून सगळ्या म्हणाल्या, हिला कसला आलाय रोग! हा एवढा मोगरा माळला मी."

सत्यवाणींनी डोळे मिटले. "पैडितल्ली, तुझी ती काच तपासलेली ना, त्याबद्दल बोलायचंय. ती तपासणारी बाई इथंच आहे—"

"आहे? तिथं? अगं बाई, द्या, द्या तिच्याकडे!"

सत्यवाणी नको म्हणेपर्यंत हैमवतीनं हात पुढं केला होता. फोन तिच्या हातात आला.

"अम्मा," पलीकडून आवाज आला, आता हळू आणि अदबीचा, "तुमचं नाव मला ठाऊक नाही. नाव कुणी सांगितलंच नाही. पण रोज दिवा लावते तेव्हा म्हणते, जिनं माझं बघितलं त्या बाईचं पोट थंड राहू दे. तुमची लेकरं सुखात राहू देत. तुमच्यामुळं मी लेकीच्या मांडवात उभी राहिले."

हैमवतीला वाटलं आपण फोन टाकून देऊ. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"माझं नाव हैमवती," ती म्हणाली. "पैडितल्ली, ऐक. तुला सांगितलं ते चूक होतं. तुझ्या काचेत चूक नव्हती, त्याच्या आधीच्या काचांत होती, आणि त्या मी केल्या होत्या. तुला औषध लागणार आहे. चार महिन्यांपूर्वीच लागत होतं. उद्या सकाळी इथं ये."

पलीकडे लाटा ऐकू येत राहिल्या. कुणीतरी मासळीचा भाव विचारत होतं आणि त्याला उत्तर मिळत नव्हतं.

"म्हणजे आहे अजून?" पैडितल्लीनं विचारलं.

"माहीत नाही. म्हणूनच ये."

"उद्या जाळी यायची आहेत, अम्मा. मोठी मासळी लागलीय म्हणतात. लग्नाचं सगळं त्यावरच आहे." ती जरा थांबली. "परवा आले तर चालेल?"

हैमवतीनं वर बघितलं. सत्यवाणींनी मान हलवली, नाही.

"नाही चालणार," हैमवती म्हणाली. "उद्याच ये."

"बरं," पैडितल्ली म्हणाली, आणि मग, सवयीनं की खरंच, कुणास ठाऊक, "पोट थंड राहो तुमचं," म्हणून तिनं फोन ठेवला.

सत्यवाणींनी कागद तिच्याकडे सरकवला आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.